आधी कात्री, मग डोळे

बाबा,

दीड महिन्यापूर्वी एका दुपारी माझ्या नावाचं खोकं आलं. त्यातून निघालं ते असं: जाड पांढरा कागद, शंभर नग, चारशे वीस रुपये. शून्य नंबरचे ब्रश दोन, एकशे सत्तर. पोस्टर कलरच्या बारा बाटल्या, दोनशे साठ. बारीक टोकाचं काळं पेन, एकशे चाळीस. लोखंडी पट्टी, पंचावन्न. पांढरा गोंद, चाळीस. एकूण एक हजार पंच्याऐंशी. पोचवण्याचे वेगळे लावले नाहीत, मी पावती दोनदा पाहिली. कात्री मागवली नाही, घरात आहे. खोकं आणणाऱ्या माणसाने फाटकातून माझं नाव मोठ्याने घेतलं, तेव्हा शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. या घरात ह्यांच्या नावाची पत्रं आली, मुलाच्या नावाची आली, विजेचं बिल दर महिन्याला येतं, पण माझ्या नावाचं खोकं हे पहिलंच. सही मी पूर्ण नावाची केली.

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते, कारण हे रंग घरखर्चातून आलेले नाहीत. ते मी कमावलेत, चित्रं काढून. तुम्ही चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, मातीचे बैल, गणपती आणि पोरी जिच्यापुढे गाणी म्हणायच्या ती भुलाबाई करायचे, मी कागदाची माणसं करते, करंगळीएवढी, पुढून-मागून रंगवलेली, आपल्या पायावर उभी राहणारी. लोक ती टेबलावर मांडून खेळतात. मोठी लोकं, बाबा, नोकरी करणारी, चष्मेवाली! आणि ऐका, माझी पहिलीच ऑर्डर हातातून जाता जाता राहिली, आणि ती जात होती ती तुमच्यामुळे. डोळ्यांबद्दल तुम्ही जे एकदा सांगून ठेवलंत त्यामुळे. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमच्या सूनबाईला एक खेळाचं वेड आहे. दर रविवारी ती आणि तिच्या कामावरचे चार-पाच जण सदर भागात एका चहाच्या दुकानात जमतात. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाव आणि जंगल छापलेलं असतं, प्रत्येकाने त्यातलं एक माणूस व्हायचं, फासे टाकायचे आणि गाव वाचवायचं. चार-चार तास चालतं. पैसे लावत नाहीत, ते मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. गेल्या पावसाळ्यात त्या दुकानाचं रंगकाम निघालं आणि मंडळी आमच्या घरी आली. मी चिवडा घेऊन गेले तर पुठ्ठ्यावर बाटल्यांची बुचं मांडलेली. "हे काय गं?" म्हटलं. "आई, हे निळं बूच म्हणजे लोहार. ही सुईण. हे लाल बूच म्हणजे वाघ." वाघ म्हणजे लाल बूच! मला इतकं वाईट वाटलं, बाबा, की मी चिवड्याची ताटली तशीच हातात धरून उभी राहिले. सूनबाई म्हणाली, "प्लास्टिकची खरी माणसं मिळतात ना, पण एकेकाची किंमत ऐकाल तर..." "नको सांगू," म्हटलं, आणि आत आले.

मी काही टाकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लग्नपत्रिकांची एक पेटी आहे माझ्याकडे, सगळ्या नातेवाइकांच्या. कागद जाड, मागची बाजू कोरी, कोणी तरी हजारांनी खर्चून छापलेल्या. कोपऱ्यातला गणपती मात्र मी आधी अलगद कापून वेगळा ठेवते, वर्षभराचे साठले की विसर्जनाला नेते. त्या दिवशी एका पत्रिकेच्या पाठीवर मी वाघ काढला. मग लोहार, सुईण. नातवासाठी आणून ठेवलेले रंग होते, नातू अजून नाही, ते काढले. रंगवलं, कापलं, दुमडलं, चिकटवलं, आणि सगळ्यात शेवटी डोळे रेखले. पुढच्या रविवारी सूनबाईच्या डब्यात ठेवून दिले, काही न बोलता. संध्याकाळी ती दारातूनच ओरडत आली. "आई! अहो आई! सगळे वेडे झाले! त्या वाघाला कोणी बुचाच्या जवळ ठेवू देईना!"

हे उभं कसं राहतं ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, तुम्हाला आवडेल. एक पट्टी घ्यायची. तिच्यावर माणूस पुढून काढायचा, आणि त्याच्या डोक्याला डोकं लावून, उलटा, तोच माणूस पाठमोरा. डोक्यावर घडी घातली की दोघं एकमेकांच्या पाठीला चिकटतात आणि एक होतात. पायाशी दोन जिभा सोडायच्या, त्या बाहेर दुमडून गोल पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. झाला उभा. पहिल्यांदा मी मोठी चूक केली. लोहाराचा हातोडा पुढच्या चित्रात डाव्या कडेला आला म्हणून पट्टी फिरवून मागच्या चित्रातही डाव्या कडेलाच काढला. घडी घातली तर एक हातोडा इकडून बाहेर, एक तिकडून. ह्यांनी तो उचलून पाहिला, खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणाले, "डबल ड्युटी करून राहिला वाटते." मग मी युक्ती काढली. आधी पुढचं चित्र, मग घडी घालून खिडकीच्या काचेला लावायचं, उजेडात मागून बाहेरची रेघ गिरवायची आणि त्या रेघेच्या आत पाठ रंगवायची. आता चुकत नाही.

पाठ रंगवताना तुमची आठवण येतेच. तुमच्या भुलाबाईची पाठ तुम्ही रंगवायचे, वेणीचा एकेक पेड, चोळीची गाठ, शालूचा काठ. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "महिनाभर कोनाड्यात बसन ते. पाठ भिंतीकडं. कोन पायते?" तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "मी पायतो ना." बाकीच्यांच्या मूर्ती मागून नुसत्या पांढऱ्या असायच्या आणि तुमच्यापेक्षा लवकर तयार व्हायच्या, हे आई म्हणायची आणि ते खरंही होतं. पण आता पाहा. या खेळात माणूस कुठे तोंड करून उभा आहे यावर सगळं असतं. मागून वाघ आला तर लोहाराला दिसत नाही. त्यामुळे पाठ लागतेच. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला चार तास फक्त पाठच दिसते! पन्नास वर्षांनी तुमची बाजू खरी ठरली, आईला सांगा.

त्या रविवारच्या मंडळींपैकी कोणी तरी माझ्या वाघाचा फोटो पुण्याच्या एका बाईला पाठवला. तिचं कामच हे. अशा चित्रांचे कागद ती फोनवरून, कॉम्प्युटरवरून विकते. कागद जात नाही, बाबा, चित्र जातं. घेणारा आपल्या घरी छापतो, आपणच कापतो, दुमडतो, उभं करतो. मला हे समजायला दोन दिवस लागले आणि समजलं तेव्हा मी पोळी तव्यावर विसरले. तुमचा साचा आठवला ना! एक साचा आणि त्यातून चाळीस भुलाबाया. हा असा साचा आहे की जो उमरेडला, पुण्याला, अमेरिकेला एकाच वेळी असतो आणि झिजत नाही. त्या मुलीने, मुलगीच म्हणते, आवाजावरून तिशीची असेल, मला चोवीस माणसांचा एक संच सांगितला. गाव करून द्या म्हणाली, तुमच्याकडचं. मी एका कागदावर यादी केली. उमरेडचा विणकर, मागापाशी वाकलेला. सुईण, कंदील घेऊन. पाटीत बांगड्या नेणारी. जंगलात वाट चुकवणारा चकवा. पोस्टमन. महिनाभर दुपारची जेवणं उरकली की मी खिडकीपाशी. स्नान, पूजा, जप काही चुकवलं नाही, एकादशीलाही बसले, पण खरं सांगते, जप करताना विणकराच्या धोतराचा रंग डोक्यात यायचा.

चोवीस झाली. सूनबाईने मला फोनवर चित्र पाठवायला शिकवलं होतं, तर तिची वाट कशाला पाहू म्हणून मीच एकेक करून पुण्याला पाठवून दिली. अर्ध्या तासात फोन.

"काकू, काय काम केलंय हो! चोवीसच्या चोवीस. पण डोळे राहिलेत का?"

"राहिले नाहीत बाई. ठेवलेत."

"म्हणजे?"

"अजून कापायची आहेत ना ती."

मी समजावून सांगितलं. घरच्या संचाला अडचण नव्हती. आधी कापलं, मग डोळे दिले. इथे कापणारा दुसरा, तोही नंतर. डोळे उघडल्यावर अंगाला हत्यार लावायचं नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं, उद्धट नाही ती, पण म्हणाली, "काकू, लोक पैसे देऊन घेतात. बिनडोळ्यांचं गाव पाहिलं तर म्हणतील चित्र नीट उतरलं नाही, पैसे परत द्या. शुक्रवारपर्यंत डोळे घालून पाठवाल? नाहीतर मला दुसऱ्या कुणाचा तरी संच घ्यावा लागेल. मला नकोय तसं, पण."

त्या दिवशी मंगळवार होता. मुलगा कामाला बाहेरगावी, घरात तीन माणसं आणि चार मतं. सूनबाई म्हणाली, "आई, मी कॉम्प्युटरवर टाकून देते ना दोन-दोन ठिपके. तुम्ही हातसुद्धा लावू नका. पाप लागलं तर माझ्या खात्यात."

"तुझं खातं माझ्याच घरात आहे," मी म्हटलं.

"अहो पण चित्रं आहेत ती. देव थोडेच आहेत?"

"भुलाबाई तरी काय, मातीच होती."

हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "चकव्याले तरी डोळे दे वं. तोच आंधळा राहिला तर लोकांची वाट कसा चुकवन?"

मला हसू आलं आणि रडूही. कारण मला ती ऑर्डर पाहिजे होती, बाबा. पैशासाठी म्हणत नाही, पैसे काही फार नव्हते. साठीला आलेल्या मॅट्रिक बाईला कोणी तरी फोन करून "काय काम केलंय" म्हणतं, ते मला परत ऐकायचं होतं. आणि ते ऐकण्यासाठी तुमचा एकच नियम मोडायचा होता. फक्त एक.

नियम तुम्ही मला कसा शिकवला ते तुम्हाला आठवतं का? मी नववीत होते. भुलाबाईला आठ दिवस राहिलेले. बाहेरची खोली गणपतीच्या उरल्यासुरल्या साच्यांनी भरलेली म्हणून भुलोबा-भुलाबाईच्या चाळीस जोड्या स्वयंपाकघरात, आईची चूल अंगणात. तुम्ही सोनेरी रंग आणायला बाजारात गेलेले. सगळ्या रंगवून झालेल्या, चेहरे कोरे. मी तुमचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि पहिल्या जोडीचे डोळे रेखले. काय रेखले होते, बाबा! पापणीची रेघ एका दमात. मग माझं लक्ष गेलं, भुलाबाईच्या गालापाशी साच्याची बारीक कड राहिली होती. मी सुरी घेतली आणि ती कड खरवडायला लागले. तेवढ्यात तुम्ही दारात. तुम्ही ओरडत नाही. येता, माझं मनगट धरता.

"काय करून राहिली?"

"कड काढून राहिली, बाबा."

"ते पायते ना तुह्याकडं?"

मी पाहिलं. "हाव."

"मंग पाहून राहिली तिच्या गालाले सुरी काहून लावून राहिली?"

तुम्ही सुरी काढून घेतली, लांब ठेवली. म्हणालात, जेवढं कापायचं, खरवडायचं, घासायचं ते आंधळी आहे तोवर. मग हात धुवायचे. मग तिला विचारायचं, येतं का माय. मग डोळे. आणि एकदा डोळे उघडले की हत्याराचं काम संपलं, आता फक्त हात जोडायचे. ती जोडी तुम्ही विकली नाही. त्या वर्षी आपल्याच कोनाड्यात बसली, गालावर अर्धी कड घेऊन, आणि महिनाभर गल्लीतल्या पोरी तिच्यासमोर गाणी म्हणत होत्या आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या बसायच्या पाटावर जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला तोच बारीक ब्रश. तुम्ही पाठमोरे, काम करत. एवढंच म्हणाले, "डोळे चांगले उघडले. पन लवकर उघडले."

तो ब्रश अजून आहे. चार केस उरलेत.

तर गुरुवार. पूजा झाली, मी ठरवलं, मोडते नियम. लोहाराचा कागद घेतला. त्याला म्हटलं, बाबा रे, येतोस का, वेळेआधी येतोस, समजून घे. आणि दोन ठिपके दिले. सूनबाई उभीच होती, घरून काम असतं तिचं, मध्येच उठून आलेली. "बघा ना आई, किती छान दिसतो!" म्हणाली आणि कसा कापला जातो ते पाहायला म्हणून तिने कात्री उचलली, त्याच्या कानापाशी नेली. माझा हात मध्ये गेला. मी नेला नाही, गेला. बोटाला लागलं, थोडंसंच, पण ती पांढरी पडली. "आई, कागद आहे हो तो!" "मला माहीत आहे गं." हळद लावता लावता दोघी हसलो, पण कात्री तिने परत उचलली नाही. लोहार तसाच, पट्टीवर पडून आमच्याकडे पाहत.

बोटाला चिंधी बांधत होते तेव्हा मला तुमचं दुकान दिसलं. चितार ओळीतला तो ओटा, गिऱ्हाईक आणि मूर्ती. बिनडोळ्यांची. तुम्ही सगळ्या मूर्तींचे डोळे घरी उघडायचेच नाहीत! काही ठेवायचे. घेणारी बाई आपल्या पोरीला घेऊन आली की म्हणायचे, "तुमच्या घरी जाऊन राहिली ना, मंग पयले तुमच्याच पोरीकडं पाहू द्या तिले." आणि त्या एवढूशा पोरीच्या हातात ब्रश द्यायचे, तिचा हात आपल्या हातात धरायचे आणि डोळे उघडायचे. पोरी श्वास रोखून धरायच्या. काहींचे डोळे तिरळे व्हायचे. एकही मूर्ती परत आली नाही.

मी बांधलेल्या बोटानेच पुण्याला फोन लावला.

"तुझ्या घरी छापायचं मशीन आहे ना? माझी सुईण छाप. जाड कागदावर."

"काकू, डोळे झाले का?"

"छाप तर."

ती छापते. मी सांगत जाते, ती करत जाते. आधी काप. आता घडी. गोंद थोडाच, नाहीतर कागद फुगतो. वाळू दे. मग मी म्हणते, "काळं पेन घे. हात धुतलेस?"

"हात? आता?"

"धू बाई."

नळाचा आवाज येतो. हसण्याचाही.

"आता तिला विचार, येतेस का."

"काकू..."

"विचार गं. कोणी ऐकत नाही."

अगदी हळू, पुण्याच्या त्या शिकलेल्या मुलीने कागदाच्या सुईणीला विचारलं, "येतेस का?" मग दोन ठिपके. मी वाट पाहिली. सूनबाई माझ्या खांद्यावर कान लावून उभी.

"काकू," ती म्हणाली, "ही माझ्याकडे बघतेय."

"मग आता कात्री डब्यात ठेव," मी म्हटलं.

संच तसाच विकायला लावला तिने. बिनडोळ्यांचा. कागदाच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात चार ओळी, मी लिहिल्या, तिने छापल्या: आधी कापा, मग दुमडा, मग चिकटवा. वाळू द्या. हात धुवा. विचारा. मग डोळे. त्यानंतर कात्री लावू नका. आणि बाबा, लोक फोटो पाठवतात! ती मला पुढे पाठवते. तुम्ही असते तर तुम्हाला एकेक दाखवला असता. एकीचा लोहार इतका रागीट आहे की त्याला पाहून मी घाबरले. एकाने वाघाला चष्मा लावला. एका सुईणीचे डोळे मिटलेले आहेत, झोपलीय बिचारी, रात्रभर कोणाच्या घरी जागली असेल. कोणा छोट्या पोरीने चकव्याला चार डोळे दिलेत, ह्यांना ते फार आवडलं, "आता चुकवन बरोबर" म्हणाले. मी एकच सुईण काढली आणि गावोगावी किती सुईणी झाल्या, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. मी आता फोन वाजला की हात पुसत धावते. ह्या वयात. सूनबाई म्हणते, "आई, तुमचा बीपी." तुमच्या चाळीस जोड्या मी कधी घरोघरी जाऊन पाहिल्या नाहीत, तुम्हीही पाहिल्या नसतील. मला दिसून राहिल्या, बाबा. सगळ्या.

म्हणून दुसरा संच सांगितलाय. बाजार करा म्हणाली. म्हणून हे खोकं. तेवीस झालीत, सगळी बिनडोळ्यांची. चोविसावा मूर्तिकार.

तुमची पाठ मी एका बैठकीत रंगवली. काचेला लावावीही लागली नाही. खांद्याखाली भोक पडलेलं बनियन, मानेवर घडी घातलेला पंचा, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर, कारण तुम्ही त्या बाजूला मूर्ती धरायचे. रंगाची वाटी धरून मी तुमच्या मागेच बसलेली असायचे ना. पुढचीच बाजू येईना. लग्नातल्या फोटोत तुम्ही कोट घालून असे ताठ बसलात की तो माणूस कोणाचा कोण वाटतो. तीन कागद गेले. चौथ्यावर एकदम तुम्ही आले, खाली वाकलेले, तोंडात ब्रशची दांडी, मला काही तरी सांगायला मान वर करायच्या बेतात.

आता जे सांगायचं ते सांगते. नियम मी जगाला छापून दिला, चार ओळीत. आणि मी स्वतः काय केलं? तुमचे डोळे उघडले. कापायच्या आधी, घडी घालायच्या आधी. हात धुतले होते. पण विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हटलं असतं तर? म्हणून नाही विचारलं. दोन ठिपके दिले आणि तुम्ही पाहिलं माझ्याकडे. पुन्हा लवकर उघडले, बाबा.

आता तो कागद गव्हाच्या कोठीवर सपाट पडून आहे. सूनबाईने दोनदा कात्री घेऊन विचारलं, मी सांगितलं रंग ओला आहे. रंग वाळून आठ दिवस झाले. पुण्याला सोमवारी पूर्ण संच पाठवायचा आहे. दुसरा कागद काढू शकते, बिनडोळ्यांचा, लोकांनी उघडावेत असा, हात बसलाय आता. पण हा? हा घडी घातल्याशिवाय उभा राहणार नाही, आणि कापल्याशिवाय घडीचा उपयोग नाही. असाच ठेवला तर तुम्ही जन्मभर कोठीवर आडवे.

शाळेतून आले की तुम्ही मला पोस्टकार्ड लिहायला बसवायचे, उमरेडच्या, काटोलच्या दुकानदारांना, तुम्ही सांगायचे आणि मी लिहायचे: किती जोड्या पाहिजेत, मोठ्या की लहान, आणि शेवटची ओळ न सांगता माझ्या हाताने यायची. हे पत्रही पत्रिकांच्या पाठीवरच लिहिलंय, गणपती कापून ठेवून. तिकीट लावत नाही, कुठल्या पत्त्यावर लावू, पैसे फुकट जातील. कोठीवर तुमच्या कागदाखाली ठेवते.

कात्री लावू की नको, तेवढं उलट टपाली कळवावे.